‘बाळ पोटात गेलं कसं?’ : आडवळणाची उत्तरे आणि मुलांचे तर्क

प्रश्न : सांजवेळ

माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे आणि काही महिन्यांनी आमच्या घरी दुसरे बाळ येणार आहे. ‘आईच्या पोटात बाळ आहे’ एवढेच आम्ही तिला सांगितले होते. तिच्या लेखी मात्र पोट म्हणजे जेवण जाते ती जागा. त्यामुळे मी गरम पाणी प्यायला लागले की बाळाला चटका बसेल म्हणून ती माझा हात धरते, आणि सकाळी मला उलटी झाली की धावत येऊन आधी बेसिनमध्ये डोकावते आणि मग विचारते, ‘बाळ आतच आहे ना?’ इतरांना याचे हसू येते, पण तिच्या चेहऱ्यावरची भीती खरी असते.

पुढचा प्रश्न अर्थातच ‘ते आत गेलं कसं?’ हा आला. तिच्या बाबांनी सांगितले की आईबाबांचे एकमेकांवर खूप प्रेम असले की बाळ येते. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘मग माझं आणि आजीचं पण येईल का?’ सासूबाईंचे म्हणणे असे की ‘देवाने पाठवलं’ म्हणून विषय संपवावा. त्यांनी त्यांच्या मुलांना हेच सांगितले आणि कोणाचे काही बिघडले नाही. त्यांचा हा मुद्दा मला सहज खोडून काढता येत नाही.

माझा प्रश्न असा आहे की या वयात आडवळणाने बोलणे मुळातच चुकीचे आहे, की काही आडवळणे चालतात आणि काही चालत नाहीत? ती कशी ओळखायची? ‘मुलांशी मोकळेपणाने बोला’ हा सल्ला मी पुष्कळदा वाचला आहे. मोकळेपणाने बोलायचे म्हणजे नेमके कोणते वाक्य तोंडातून काढायचे, ते कोणी सांगत नाही.

प्रतिसाद : गणिती

तुमच्या मुलीच्या तर्कात कुठेही चूक नाही. तिला दिलेली माहिती अपुरी आहे, एवढेच. बाळ पोटात आहे, अन्न पोटात जाते, उलटीतून पोटातले बाहेर पडते, ही तिन्ही वाक्ये तिने मोठ्यांकडूनच ऐकली आहेत आणि त्यांची बेरीज तिने बरोबर केली आहे. आपण सूचक बोललो, बाकीचे मूल समजून घेईल, असे मोठ्यांना वाटते. समजून घेण्याचे काम मूल करतेच, पण शब्दाला धरून करते.

या विषयावर ॲन बर्नस्टीन आणि फिलिप कॉवन या मानसशास्त्रज्ञांचा १९७५ सालचा एक अभ्यास आहे. त्यांनी तीन ते बारा या वयोगटातील मुलांना बाळे कुठून येतात असे विचारले आणि उत्तरांमध्ये एक क्रम दिसून आला. सर्वांत लहान मुलांना बाळ ‘तयार होते’ ही कल्पनाच नसते. बाळ आधीपासून कुठेतरी असतेच, प्रश्न फक्त त्याच्या पत्त्याचा असतो. त्यानंतरच्या टप्प्यावर बाळ एखाद्या वस्तूसारखे बनवले जाते असे मुलांना वाटते. आईवडील दोघांच्या शरीरातून काहीतरी येते आणि त्याच्या मीलनातून नवा जीव सुरू होतो, हे नीट समजायला बराच काळ जावा लागतो, आणि ते आधी सांगितलेले असले तरी मूल आपल्या टप्प्याला झेपेल तेवढेच त्यातून उचलते. त्यामुळे जास्त सांगितले तर मूल बिघडेल ही भीती मला निराधार वाटते. जास्तीचे ते सोडून देते; चुकीचे मात्र धरून ठेवते.

आडवळण ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे. तुमच्या वाक्यावर मुलाने विचारलेल्या पुढच्या प्रश्नालाही तुम्ही खरे उत्तर देऊ शकता का, हे पाहावे. ‘आईच्या शरीरात बाळासाठी एक पिशवी असते’ हे वाक्य अपुरे आहे, पण पुढे नेता येते. ‘खूप प्रेम असलं की बाळ येतं’ हे पहिल्याच प्रश्नाला अडकते, ते तुम्ही पाहिलेच. शिवाय ज्या घरात दुसरे बाळ येत नाही तिथे प्रेम आटले का, हाही प्रश्न त्यातूनच निघतो.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचे पुष्कळसे सिद्धांत आज कोणी तसेच्या तसे मानत नाही, पण मुलांचे बोलणे त्याने लक्षपूर्वक टिपले होते. १९०९ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या ‘छोटा हान्स’च्या वृत्तांतात बहिणीच्या जन्माच्या वेळी साडेतीन वर्षांच्या असलेल्या मुलाला करकोचा बाळ आणणार आहे असे सांगितलेले होते. त्या दिवशी त्याने घरात डॉक्टरांची बॅग पाहिली, रक्ताळलेल्या पाण्याची भांडी पाहिली, आणि आपल्या शूच्या जागेतून तर रक्त येत नाही असे तो म्हणाला. पुढे तो करकोच्याची गोष्ट सांगे ती वडिलांची थट्टा करण्यासाठी. म्हणजे मुलाला खोटे पचले नाहीच, आणि आपले मोठे या विषयावर खरे बोलत नाहीत एवढे मात्र समजले.

प्रतिसाद : दुर्बीण

वरच्या चर्चेत ‘बी पेरण्या’चा उल्लेख अजून कसा आला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण सुशिक्षित घरांमध्ये सर्वांत लोकप्रिय आडवळण तेच आहे. ‘बाबांनी आईच्या पोटात बी पेरलं आणि त्यातून तू उगवलास.’ ऐकायला हे शास्त्रीय वाटते आणि सांगणाऱ्याला आपण खोटे बोललो नाही असे समाधानही मिळते. माझ्या भाच्याला हे सांगितल्यावर त्याने एकदा चुकून फळाची बी गिळली आणि तो रात्रभर पोटावर हात ठेवून जागा राहिला. आपल्याही पोटात काहीतरी उगवेल, अशी त्याची खात्री झाली होती.

पण या भीतीपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त खटकते. या उपमेत बाळ पूर्णपणे वडिलांचे असते आणि आई म्हणजे नुसती जमीन. सतराव्या शतकात काही विद्वानांचीही समजूत साधारण अशीच होती. लेवेनहूकने १६७७ साली सूक्ष्मदर्शकातून शुक्राणू पाहिले आणि १६९४ साली हार्ट्सूकरने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या इवल्याशा माणसाचे चित्र काढले. सस्तन प्राण्याच्या मादीची अंडपेशी फॉन बेअरने १८२७ साली कुत्रीच्या शरीरात शोधून काढली, आणि शुक्राणू व अंडपेशी यांची केंद्रके एकत्र येतात हे हर्टविगने १८७६ साली समुद्री साळिंदर या जलचरात पाहिले. म्हणजे आईचा अर्धा वाटा नीट सिद्ध होऊन दीडशे वर्षे होत आली, आणि आपण मुलांना अजून त्याआधीचे शास्त्र सांगत आहोत.

वस्तुस्थिती अशी आहे की दोन्ही पेशींतून प्रत्येकी २३ गुणसूत्रे येतात. मानवी अंडपेशीचा व्यास सुमारे ०.१ मिलिमीटर असतो, म्हणजे नजर चांगली असेल तर ती ठिपक्याएवढी दिसू शकते. शुक्राणूची शेपटीसकट लांबी त्याच्या निम्मीच भरते आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) तर जवळजवळ पूर्णपणे आईकडूनच येतात. दुसरे असे की वनस्पतीचे बी म्हणजे शुक्राणू नव्हेच. बी हे फलन झाल्यानंतरचे, म्हणजे दोन पेशी एकत्र आल्यानंतरचे असते. त्यात रोपाचा गर्भ आणि त्याची शिदोरी आधीच भरलेली असते. वनस्पतींची उपमा द्यायचीच असेल तर परागकणांची द्यावी, पण मग मुलाला फुलाची रचना समजावून सांगावी लागेल, आणि तेवढे कष्ट घ्यायचे तर सरळ माणसाचीच का सांगू नये?

आपल्या भाषेतल्या ‘बीजांड’ या पारिभाषिक शब्दातही शेत डोकावतेच. मी मुलांशी बोलताना ‘आईची पेशी’ आणि ‘बाबांची पेशी’ असे म्हणतो. पेशी म्हणजे काय, हे त्यांनी विचारले तर तो वेगळा आणि सोपा विषय आहे.

प्रतिसाद : जुना वाचक

वरच्या दोघांच्या माहितीबद्दल आदर आहे, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण हल्ली आडपडदा म्हणजे अडाणीपणा असे समीकरण झाले आहे. मोठी माणसेही एकमेकांशी याविषयी आडवळणानेच बोलतात. ‘तिला दिवस गेले आहेत’ असे म्हणताना आपण कोणाची फसवणूक करत नाही. ऐकणाऱ्याला अर्थ ठाऊक असतो आणि बोलण्याला एक अदब राहते. कोणत्या गोष्टी कोणासमोर कशा बोलायच्या, हेही मुलाने शिकायचेच असते आणि ते शिक्षण घरातल्या बोलण्यातूनच मिळते.

मूल विचारते त्यापेक्षा पुढे जाऊन सांगण्याचा उत्साह मला पटत नाही. ‘बाळ कुठून येतं?’ असे विचारणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला कदाचित आपली काकू दवाखान्यात कशाला गेली एवढेच हवे असते. अशा वेळी ‘तुला काय वाटतं?’ असे आधी विचारावे. मुलाच्या मनात काय आहे ते कळते आणि आपल्याला वाक्य जुळवायला अवधीही मिळतो. शिवाय शरीरशास्त्र सांगणे वेगळे आणि आपले खासगी आयुष्य मुलापुढे उघडे करणे वेगळे. ‘तुम्ही पण असं करता का?’ या प्रश्नावर ‘हे आमचं दोघांचं खासगी आहे’ असे म्हणण्याचा हक्क आईवडिलांना आहे आणि त्यात खोटेपणा नाही.

सासूबाईंच्या उत्तराविषयी एक शब्द. ज्या घरात श्रद्धा आहे तिथे ‘देवाने पाठवलं’ हे ‘का’चे उत्तर आहे. मुलगी ‘कसं’ विचारते आहे. दोन्ही उत्तरे एका घरात सुखाने नांदू शकतात; फक्त एकाच्या जागी दुसरे द्यायचे नाही. आजीने आपले सांगावे, आईने आपले सांगावे.

प्रतिसाद : खडू

मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे ‘जुना वाचक’ यांच्या अदबीच्या मुद्द्याशी एका मर्यादेपर्यंतच सहमत होऊ शकते. जन्माची गोष्ट उशिरा किंवा थोडी अपुरी सांगितली तर भरून काढता येते. अवयवांच्या नावांचे तसे नाही. कोपर, घोटा, भुवई हे सगळे मुलांना बोलता बोलता येते आणि कमरेखाली आले की घरोघरी वेगळी भाषा सुरू होते : ‘चिमणी’, ‘फूल’, ‘नुनू’, ‘शूची जागा’, नाहीतर नुसतेच ‘तिथे’. समजा एखादी मुलगी वर्गात येऊन म्हणाली, ‘दादा माझी चिमणी धरतो,’ तर शिक्षिका काय समजेल? खेळण्यावरून भांडण झाले असे समजून ती ‘दादाला द्यावं थोडा वेळ’ असेच म्हणेल. आपण सांगितले तरी मोठे काही करत नाहीत, हा धडा घेऊन ती मुलगी जागेवर जाऊन बसेल आणि कदाचित पुन्हा सांगणार नाही. लाडाचे शब्द घरात राहू द्यावेत, पण शिश्न, वृषण, योनी, गुदद्वार हे शब्दही मुलांना माहीत असावेत आणि ते उच्चारताना आपला आवाज खाली जाऊ नये. युनेस्कोच्या लैंगिकता शिक्षणाविषयीच्या २०१८ सालच्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठीच अवयवांची योग्य नावे आणि अंडपेशी-शुक्राणूच्या मीलनातून होणारी गर्भधारणा हे दोन्ही विषय आहेत, म्हणजे हे काही आगाऊपणाचे शिक्षण नाही.

‘खासगी’ आणि ‘घाणेरडे’ या दोन शब्दांत आपण फार गल्लत करतो. ‘हा तुझा खासगी भाग आहे, आंघोळ घालताना किंवा डॉक्टरांकडे आईबाबा सोबत असताना सोडून कोणी त्याला हात लावायचा नाही,’ हे मुलाला बळ देणारे वाक्य आहे. ‘शी, तिथे हात लावू नको, घाण आहे’ हे वाक्य मुलाला गप्प करते.

मुले मोठी होताना हीच सवय जड जाते. मुलींमध्ये वयात येण्याची चिन्हे आठ ते तेरा आणि मुलांमध्ये नऊ ते चौदा या वयात दिसू लागतात. त्यामुळे पाळीविषयी आठव्या-नवव्या वर्षी सांगणे म्हणजे घाई नव्हे. रक्त दिसल्यावर सांगायला बसणे हा उशीर आहे. मुलग्यांकडे तर सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. झोपेत वीर्य बाहेर पडणे ही वाढत्या वयातली अगदी स्वाभाविक गोष्ट, आणि तिच्यासाठी आपल्याकडे रुळलेला शब्द कोणता, तर ‘स्वप्नदोष’. बारा-तेरा वर्षांचा मुलगा हा शब्द प्रथम ऐकतो तेव्हा त्यातला ‘दोष’ त्याला आपलाच वाटतो, आणि तो दोष घालवण्याची औषधे विकणारे त्याला शोधत असतातच. इथे आडपडद्याचा शब्द उघड्या शब्दापेक्षा कितीतरी क्रूर आहे.

प्रतिसाद : दत्तक बाबा

या चर्चेत एक कोपरा राहून जातो आहे. आमचा मुलगा दत्तक आहे आणि अशा घरांत एक गोड वाक्य फार प्रचलित आहे : ‘तू पोटातून नाही, आमच्या मनातून जन्मलास.’ आम्हीही ते वापरत असू. सहाव्या वर्षी त्याने फार शांतपणे विचारले की बाकीच्या मुलांना बेंबी असते ती नाळेमुळे, मग मी मनातून आलो तर मला बेंबी कशी? मनातून आलेली मुले वेगळ्या जातीची असतात असे काहीतरी तो मनाशी धरून बसला होता. तू सुद्धा सगळ्यांसारखाच एका बाईच्या गर्भाशयात वाढलास, तिथून जन्मलास आणि नंतर आमच्याकडे आलास, असे सांगितल्यावर तो आधी आरशासमोर जाऊन बेंबी पाहून आला. भावनेची गोष्ट सांगताना ती शरीराच्या गोष्टीच्या जागी ठेवू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

‘टेस्ट ट्यूब बेबी’ हा शब्दही तसाच आहे. १९७८ साली लुईस ब्राउनचा जन्म झाला तेव्हापासून तो रूढ झाला आणि बाळ काचेच्या नळीत वाढते असे चित्र लोकांच्या मनात बसले. प्रत्यक्षात फलन एका पसरट बशीत होते आणि काही दिवसांनी गर्भ गर्भाशयात सोडला जातो. पुढचे सगळे महिने तो इतर कोणत्याही गर्भासारखाच वाढतो. अशा उपचारांनी झालेल्या मुलांना आपल्याविषयीचे हे वाक्य शाळेत कोणाच्या तरी तोंडून ऐकण्याआधी घरी कळलेले बरे.

उपप्रतिसाद : सांजवेळ

सर्वांचे आभार. ‘गणिती’ यांची पुढच्या प्रश्नाची कसोटी मला उपयोगी वाटते आणि ‘का’ व ‘कसं’ हा फरक मी सासूबाईंनाही वाचून दाखवला. त्यांना तो आवडला. पण मूळ अडचण तशीच आहे. आज संध्याकाळी तिने विचारले तर मी कोणत्या शब्दांत सांगू? आणि हे सगळे ती उद्या शाळेत जाऊन सांगणार, त्याचे काय करायचे?

प्रतिसाद : सुईणीची नात

मी प्रसूतिगृहात परिचारिका आहे आणि दुसऱ्या बाळंतपणाला आलेल्या आयांची मोठी मुले माझ्याशी बरेच बोलतात. माझी वाक्ये साधारण अशी असतात. तुम्ही आपल्या बोलीत बसवून घ्या.

‘आपल्या पोटात बऱ्याच गोष्टी असतात. जेवण जातं ती पिशवी वेगळी, तिला जठर म्हणतात. बाळ असतं ती पिशवी अगदी वेगळी, तिला गर्भाशय म्हणतात. दोन्हींच्या मध्ये रस्ताच नाही, त्यामुळे आईने गरम प्यायलं तरी बाळाला भाजत नाही आणि उलटी झाली तरी बाळ बाहेर येत नाही.’ तुमच्या मुलीला आज याच वाक्याची गरज आहे, बाकीचे थांबले तरी चालेल. ती कागदावर दोन पिशव्या काढून मागेल, काढून द्या. बाळ खाते कसे, असे विचारले तर नाळ आणि वार (गर्भाशयाला चिकटलेला, नाळेतून बाळाला अन्न पोचवणारा अवयव) यांचे नाव घ्यावे आणि तिची स्वतःची बेंबी दाखवावी. बाळ बाहेर कुठून येते याचे उत्तर ‘पोटातून’ असे देऊ नये, कारण पोट फाटते असे समजून मुले घाबरतात, ‘आईच्या पायांच्या मध्ये एक वाट असते, तिला योनी म्हणतात, ती बाळासाठी ताणली जाते, कधीकधी डॉक्टर आईला दुखू नये असं औषध देऊन पोटावर छोटा छेद घेतात आणि परत शिवतात’ असे दोन्ही सांगावे.

‘आत कसं गेलं?’ याला पहिले उत्तर : ‘ते आत गेलं नाही, आतच तयार व्हायला लागलं. आईच्या शरीरातली एक पेशी आणि बाबांच्या शरीरातली एक पेशी एकत्र आल्या, आणि त्यापासून बाळ वाढू लागलं.’ बहुतेक मुले इथे थांबतात. जी थांबत नाहीत, त्यांना बाबांच्या शिश्नातून ती पेशी आईच्या योनीत जाते, हे फक्त मोठी माणसे दोघांची इच्छा असेल तेव्हाच करतात आणि मुलांशी असे कोणीही करायचे नसते, एवढे सरळ सांगावे. हे वाक्य म्हणताना जो अवघडलेपणा येतो तो आपला असतो. मुले बहुधा ‘ईऽ’ म्हणतात आणि खेळायला जातात.

शाळेचे म्हणाल तर तिला आधीच सांगून ठेवा : ‘ही गोष्ट खरी आहे, गुपित नाही, पण प्रत्येकाचे आईबाबा आपापल्या मुलांना ती आपल्या वेळेने सांगतात. तुला काही विचारायचं असलं की आम्हाला विचार.’ तरीही ती एकीला सांगेलच. त्या मुलीच्या आईचा फोन आला तर तुम्ही तिला काय सांगितले ते जसेच्या तसे त्या आईला सांगा. लपवाछपवी केलीत तर तुमच्या मुलीने काहीतरी वाईट केले असे ठरेल.

उपप्रतिसाद : जुना वाचक

परिचारिकाबाईंच्या या वाक्यांत मला अदब पूर्ण दिसते, त्यामुळे माझी तक्रार नाही. फक्त एक भर घालतो. हे सांगायला नेहमी आईच का पुढे बसते? सांजवेळ यांच्या घरी ‘बाबांची पेशी’ बाबांनीच समजावून सांगावी. पुढे वयात येणारा मुलगा घरात असला तर त्याला विचारायला बाप हवा असतो, आणि ती सवय पाचव्या वर्षी लागली नाही तर तेराव्या वर्षी लागत नाही.